डेल्फा पॅस्को जागची हलत नाही

जून ते नोव्हेंबर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सहाला डेल्फा पॅस्को घरामागच्या भिंतीवरचा मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली पाडते. मग चोवीस तास घरात वीज नाही. बोअरचा पंप बंद, म्हणजे नळाला पाणी नाही. फ्रीझर बंद. नवऱ्याचं, ऑरिनचं, ऑक्सिजनचं यंत्रही बंद. ती त्याला सिलिंडरवर घेते, जनरेटरची दोरी ओढते, आणि कुठं काय चुकलं ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवते. वय शहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी. आमच्या रस्त्यावरची माणसं हसतात.

"डेल्फाबाई, कंपनी वर्षातून चारदा वीज तोडते ते कमी पडतं का?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, कंपनी तोडती तवा माझी परीक्षा असती. तुमची पोरं अभ्यास न करता बसायची परीक्षेला. मी न्हाई बसत."

पोरं माझी असली तरी त्यांना शाळेत आणायची ती. ग्रास व्हॅली गावाच्या वरच्या या वळणावळणाच्या रस्त्यांवर चाळीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. बर्फात चालवली, धुरात चालवली. तिचा बाप सोन्याच्या खाणीत होता. खाण बंद पडली तेव्हा निम्मी आळी उठून गेली, हे घर उठलं नाही. ऑरिन लाकडाच्या गिरणीत होता. भुसा फुफ्फुसात घेऊनच निवृत्त झाला.

तिचा हा रविवारचा सराव सुरू झाला त्याला कारण होतं. दोन वर्षांमागं ऑक्टोबरात वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला. तारेची ठिणगी पडून रान पेटू नये म्हणून कंपनीनं वीज तोडली. जनरेटर कोपऱ्यात होता, पण आतलं पेट्रोल वर्षभराचं शिळं, कार्बोरेटरमध्ये चिकटून बसलेलं. डेल्फानं दोरी ओढून ओढून तळहात सोलून घेतला. ऑरिनचे ओठ निळे पडले तेव्हा मी माझ्या ट्रकमध्ये घालून दोघांना खाली दवाखान्यात नेलं. तिथं सॅक्रामेंटोहून त्यांची मुलगी टॅमसिन आली, आणि तिनं आईवडिलांचं नाव एका वृद्धाश्रमाच्या यादीत घातलं. आईला न विचारता.

यंदाच्या ऑक्टोबरात त्या यादीतला नंबर लागला. खोली हवी की नको, ते सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं. आणि नेमका कंपनीचा निरोप आला की शनिवारी पहाटेपासून वीज जाणार, बहुतेक सोमवार संध्याकाळपर्यंत. शुक्रवारी टॅमसिन गाडी घेऊन दारात.

"आई, बॅगा भर. बाबांना घेऊन चल."

"टॅमे, गाडी सावलीत लाव आन् आत ये. अडीच दिस रहा हितं, बघ मी कसं करती. कुणाच्या दारात काय मागाय गेले, तर मी स्वतः तुझ्या गाडीत जाऊन बसंन. तुझ्या बापासकट."

"नक्की?"

"पॅस्कोंच्या घरात बोलल्यावर नक्की इचारत न्हाईत."

मी तिथंच होतो. ऑरिन नळीतून श्वास घेत खुर्चीत बसला होता. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मास्तर, दोघी माझ्यावर पैज लावतायत. घोड्याला कुणी इचारलंच न्हाई."

शनिवार चोख गेला. न्हाणीघरातला टब, जनावरांचं टाकं, सगळं आधीच भरलेलं. वाऱ्यात वाळक्या गवताजवळ गरम जनरेटर फार वेळ ठेवायचा नाही म्हणून तो सकाळ-संध्याकाळ एकेक तास, पंपापुरता आणि फ्रीझरपुरता. ऑरिनला दोन मोठे सिलिंडर, ऑक्सिजनच्या प्रवाहाचा काटा दोनवर. तेवढ्यात सोमवार दुपार गाठता येते, आणि त्यापुढं जनरेटर होताच. मोबाइलचे मनोरेही बंद पडले तेव्हा टॅमसिन घाबरली, डेल्फा नाही.

पण दुपारपासून कुठून तरी धुराचा वास येऊ लागला. आग लांब होती, पंचवीस मैलांवर. टॅमसिनला वाटलं, बाबांचा श्वास जड झालाय. आई गोठ्याकडं गेली असताना तिनं काटा दोनवरून चारवर नेला आणि सांगायची विसरली. की सांगायला भ्याली, ते तिचं तिला माहीत.

रविवारी सकाळी डेल्फानं बघितलं तर पहिला सिलिंडर रिकामा आणि रात्री टॅमसिननं जोडलेला दुसराही निम्म्याच्या खाली.

पुढचं मला ऑरिननं सांगितलं. डेल्फा ओरडली नाही. तिनं काटा परत दोनवर आणला आणि म्हणाली, "टॅमे, डॉक्टरनं दोन सांगितलंय. तुझ्या बापाला जादा बी सोसत न्हाई. आता त्याला जनरेटरवर घ्यावा लागंल."

"मग पैजेत मीच हरवलं तुला," टॅमसिन रडत म्हणाली. "मला तसं नको होतं, आई."

"डोळे पूस आन् फावडं घे."

दोघींनी जनरेटरभोवतीचं गवत खरवडून माती उघडी केली. डेल्फानं पंपाची तार काढली, फ्रीझरची काढली. आतलं हरणाचं मांस, ब्लॅकबेरी, वर्षाची बेगमी, सगळं गेलं तर गेलं. जनरेटरवर फक्त ऑरिनचं यंत्र. तरी हिशेब केला तर पेट्रोल सोमवारी पहाटेपर्यंतच पुरत होतं. गावातले पेट्रोलपंप विजेवाचून बंद, आणि खाली ऑबर्नचा रस्ता वारा पडेपर्यंत बंद.

दहाच्या सुमाराला ती माझ्या फाटकाशी आली. हातात रिकामा डबा. मागं दहा पावलांवर टॅमसिन. वीस वर्षांच्या शेजारात या बाईनं माझ्याकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा मीच उचलून नेलं होतं, तिनं मागितलं नव्हतं.

"मास्तर, पेट्रोल द्या. असंल तेवढं."

मी काही बोलायच्या आत टॅमसिन म्हणाली, "आई, तू मागितलंस."

डेल्फा गर्रकन वळली. "व्हय, मागितलं! पैज मोडली. मोडली तर मोडली. ती पैजच येड्यासारखी लावली व्हती मी. शेजारच्याकडं डबाभर पेट्रोल मागायचं न्हाई तर मग शेजारी कशाला? तिकडं तुझ्या आश्रमात घंटी वाजवून परक्या पोरीला पाणी मागायचं, ते चालतं. आन् हितं मास्तरला पेट्रोल मागितलं तर मी हरले? न्हाई बसत मी तुझ्या गाडीत. काय करायचं ते कर."

"नक्की विचारत नाहीत म्हणालीस."

"म्हणाले. खोटं बोलले. लिहून घे."

मी डबा भरून दिला. करवतीचं, गवत कापायच्या यंत्राचं, ट्रकच्या मागं ठेवलेलं, होतं ते सगळं.

सोमवारी सकाळी वारा पडला. वीज अजून नव्हती, तारा तपासायला माणसं चालत यायची होती. फोन लागत नव्हता, म्हणजे बाराच्या आत टॅमसिनला खाली ऑबर्नपर्यंत जाऊनच कळवावं लागणार. निघताना ती बापाच्या खुर्चीशी बसली. "बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

ऑरिननं दोन श्वास घेतले. "हितं श्वास कमी पडतो, खरंय. तितं भांडण कमी पडंल. मी भांडणावर जगलोय, पोरी."

ती गाडी काढून खाली गेली. दोनला परत आली. मी आणि डेल्फा फाटकाशीच होतो.

"काय सांगितलंस?"

"या वर्षी नको म्हणाले."

"या वर्षी?"

"हो. या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार आहे."

"इचार की. मी बी हितंच हाय."

टॅमसिननं गाडीची मागची डिकी उघडली. आत पेट्रोलचे चार भरलेले डबे. तिनं दोन काढून अंगणात ठेवले, आणि डेल्फा तिच्या अंगावर धावली.

"अगं ए, उन्हात ठेवतात व्हय पेट्रोल? चाळीस वर्षांची झालीस की!"