उल्काच्या उंदरांची पकड

माझी बायको उल्का जपानमधल्या कोबेच्या एका विद्यापीठात उंदरांची ताकद मोजते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग हळूच विचारतात, "आणि पगार मिळतो?" मिळतो. पण मार्चअखेर करार संपत होता, आणि काही नवं हाती लागलं नाही तर तिला संशोधनालाच रामराम ठोकावा लागणार होता.

चरबी भरपूर खाल्ली की स्नायूंचं काय होतं, हा तिचा विषय. माझ्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "तूप खा, ताकद येते." उंदरांना ते पटलेलं दिसत नव्हतं. चरबीचं खाद्य खाऊन ते गुटगुटीत झाले, पण जाळी धरायला लावून शेपटी धरून हलकेच मागे ओढलं की साध्या खाद्यावरच्या उंदरांच्या आधी पकड सोडायचे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण हे तर इतरांनाही माहीत होतं. साधं खाद्य दिलं तर गेलेली ताकद परत येते का, हे उल्काला बघायचं होतं.

तिने तिच्या सेन्सेईंना, म्हणजे लॅबचे प्रमुख प्रोफेसर मोरियामांना, विचारलं. त्यांनी दातांतून श्वास ओढला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "सोरे वा, चोत्तो..."

सोरे वा म्हणजे 'ते', चोत्तो म्हणजे थोडं. उल्का घरी आली ती नाचतच. "सेन्सेई म्हणाले, थोडं करून बघ!" मलाही वाटलं, काय भला माणूस आहे!

तिने काही उंदरांचं खाद्य बदललं. हळूहळू त्यांची पकड घट्ट होत गेली, आणि शेवटी ते साध्या खाद्यावरच्या उंदरांच्या बरोबरीला आले.

लॅबच्या मीटिंगमध्ये तिने आलेख दाखवला आणि सेन्सेईंचे आभार मानले, "तुम्ही थोडं करा म्हणालात, म्हणून." शेजारच्या तानाबे-सान कानात कुजबुजल्या, "असं अर्धवट 'चोत्तो' म्हणजे आमच्याकडे 'नको'." उल्काला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सेन्सेईंनी आलेख पुन्हा एकदा नीट बघितला. "मी नकोच म्हणालो होतो, उल्का-सान," ते म्हणाले. "बरं झालं तुम्हाला कळलं नाही. आता हे पुढे तुम्हीच करायचं. करार मी वाढवून घेतो."

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. हुंदक्यांतून तिला एवढंच बोलता आलं, "राहिले रे मी!" मी "शाब्बास!" असा ओरडलो की सगळा मजला दचकून माझ्याकडे बघायला लागला. बघू देत. माझी बायको जिंकली होती!