आबांनी मुरवलेल्या वहाणा

दिवाळी झाली की आमची मेंढरं कऱ्हाटीहून कोकणाकडं निघतात. त्याआधी आठ दिवस घरात कोऱ्या चामड्याचा आणि एरंडेलाचा वास असतो. नव्या वहाणा आधी पाण्यात, मग तेलात आणि मग आबांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या पायात. घाटाच्या वाटेवर वहाण चावली तर माणूस दोन दिवसांत बसतो. म्हणून घरातल्या सगळ्यांच्या वहाणा आबा स्वतः घालून सैल करायचे. त्यांना कुठलीच वहाण लागत नसे. पायात बाभळीचा काटा मोडला तरी संध्याकाळी आईनं दाखवल्यावर कळायचं.

"गेंड्याचं कातडं हाय तुमचं," आई म्हणायची. आबा खूश व्हायचे. मीही गावभर तेच मिरवायचो. त्यांना शुगर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आठवण झाली की गोळीही घ्यायचे. शुगरचा पायाशी काय संबंध, हे आमच्या टाळक्यात कधी शिरलं नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीतली नोकरी सोडून मी मेंढरांमागं जायचं ठरवलं. बुटांनी माझे पाय मऊ पडले होते. नव्या वहाणांनी पहिल्याच दिवशी टाच सोलली. आबा हसले.

"आण हिकडं. चार दिसांत लोणी करून देतो."

माझं पाऊल त्यांच्यापेक्षा बोटभर आखूड. मला ते माहीत होतं. तरी दिल्या. मला फोड नको होते, एवढंच खरं कारण.

चार दिवस ते त्या घालून रानात हिंडले. पाचव्या दिवशी माझ्यापुढं ठेवल्या. मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या, खूश झालो, आणि त्यांच्या पायाकडं बघितलंसुद्धा नाही. वास आला तो आईला. डावा अंगठा काळा पडला होता आणि खालून चिघळला होता. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. आमच्याकडं ते मुंगीच्या पावलांनी आलं होतं, केव्हाच.

बारामतीला डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला सुई टोचायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, पाच ठिकाणी. मी बघत होतो. आबा डोळे घट्ट मिटून बसलेले. शेवटी कंटाळून म्हणाले, "टोचा की आता. किती येळ बसवताय?"

पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

मेंढरांना थांबता येत नाही, रानातला चारा संपला होता. बहीण आबांजवळ राहिली, आई आणि मी निघालो. आबांनी खाटेवरून माझ्या पायांकडं बघत विचारलं, "लागत न्हाईत न्हवं?"

"न्हाय, आबा."

"मग झालं," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला माझी शिसारी आली. वरंधा घाट उतरेपर्यंत मी पायाला फोड यायची वाट बघत चाललो. एकही आला नाही.