कप्तान नव्हे, इंजिनवाला

आमच्या गावात ज्यांना सारे कप्तान म्हणत, ते कप्तान नव्हते. ते आरमाराच्या किनारी गस्तीच्या बोटीवर इंजिनवाले होते आणि निवृत्तीनंतर चामोर्शी रस्त्यावरच्या धानगिरणीचे इंजिन सांभाळत. पावसाळ्यात गिरणी बंद असे. तरी रोज सकाळी जाऊन ते इंजिनाचे चाक हाताने पाव फेरा फिरवून येत. लोक हसत. ‘इंजिन एका जागी बसून राह्यलं का त्याले तेच जागा आवडाले लागते, गुरुजी,’ ते मला म्हणत. ‘बोट धक्क्याले बांधून असली तरी आमी रोज फिरवत होतो.’ गावातील निम्मी कर्ती मंडळी एका जागी बसून त्याच जागेच्या प्रेमात पडलेली असल्यामुळे हे वाक्य फारसे लोकप्रिय झाले नाही.

गेल्या वर्षी ते वारले. पंचायतीने वाचनालयाला त्यांचे नाव द्यायचे ठरवले, आणि दारावरच्या फलकाचा मजकूर सरपंचांनी स्वतः रचला: ‘युद्धात शत्रूच्या दोन बोटी बुडवणारे शूर कप्तान.’ वरचे नाव सोडले तर त्यात एकही शब्द खरा नव्हता. सरपंच माझेच विद्यार्थी. इतिहासात ते तेव्हाही उत्तर ठाऊक नसले की दोन पाने जास्त लिहीत. मी लेखी हरकत घेतली. चुकीचा फलक एकदा भिंतीवर चढला की माणूस दुसऱ्यांदा मरतो, असे माझे मत आहे.

खरा इतिहास मी गिरणीतल्या पोत्यांवर बसून खुद्द त्यांच्याकडून ऐकला आहे. एकाच साच्याच्या पाच बोटी होत्या आणि ते त्यांच्याबद्दल लेकींसारखे बोलत. थोरली कुठल्याशा बेटावरच्या सरकारला देऊन टाकली. ‘परदेशात देल्ली, नवा रंग लावला, मंग कोनी खबरबात घेतली नाई.’ दुसरी खडकावर चढली आणि भंगारात गेली. तिसरी भर समुद्रात उभी करून आपल्याच जहाजांनी नेमबाजीच्या सरावासाठी बुडवली. पाचांत बुडालेली आणि बुडवलेली एवढी एकच, हे सरपंचांनी ध्यानात घ्यावे. चौथी शिकाऊ खलाशांसाठी धक्क्याला लावली. पाचवी यांची. ती सर्वांत जास्त टिकली आणि एके दिवशी झेंडा उतरवून मोडीत निघाली.

या पाचवीने केले काय? भरकटलेल्या मासेमारांना दोर टाकून ओढून आणले, चोरटा माल आणणाऱ्या होड्या अडवल्या आणि उरलेला सारा काळ काही घडत नाही ना, हे पाहिले. तिची तोफ सरावाखेरीज कधी उडाली नाही. याचे वाईट नाही का वाटत, असे मी एकदा आगाऊपणे विचारले. ते शांतपणे म्हणाले, ‘काऊन वाटन? फॉरेस्टचा गार्ड रोज जंगल फिरते. वाघानं कोनाले खाल्लं नाई, त त्याची नोकरी वाया गेली काय?’

हे सर्व मी ग्रामसभेत मांडले. सरपंच म्हणाले, ‘गुरुजी, बिना लढाईच्या फौजीपासून लेकरं काय शिकतीन?’ मी म्हणालो, खरे बोलायला शिकतील. तुमच्या वेळी तेवढे राहून गेले. हशा माझ्या बाजूने झाला, हात मात्र त्यांच्या बाजूने उठले. तरी मी हरकत मागे घेईना, तेव्हा अखेर ठरले की कप्तानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणतील तो मजकूर लावायचा.

सरपंचांना घेऊन मी जिंकल्याच्या थाटातच त्यांच्या अंगणात शिरलो. तांदूळ पाखडता पाखडता त्यांनी दोघांचे म्हणणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘म्हंजे तुमाले दोघाईलेबी त्यायनं सांगतलं नाई.’ आणि सूप खाली ठेवले. ‘समुद्र त्यायले कधी सोसलाच नाई. बोटीनं धक्का सोडला का उलट्या सुरू. बाजूले बालटी ठेवून इंजिन चालवत. दरवेळी. सुटीत आले का म्हणत, आता मी जात नाई. आन सुटी सरली का आपलीच पेटी आपन भरत.’

‘मंग सोडून काऊन नाई आले?’ सरपंचांनी विचारले.

‘मीबी तेच इचारत होती. म्हणत, वरतं सारे पाहारा करून राह्यले. खाली इंजिन बंद पडलं, त ते नुसते पाहून काय करतीन?’

इतकी वर्षे मी त्या पोत्यांवर बसलो. पाचही बोटींचा शेवट मला तोंडपाठ होता, आणि बादलीचा उल्लेखही माझ्यापर्यंत पोहोचला नव्हता. सरपंचांनाही ती ठाऊक नव्हती, एवढे समाधान मी त्या दिवशी घरी घेऊन गेलो. ते फार पुरले नाही.

फलकावर आता नाव आहे आणि खाली वहिनींनी सांगितलेली ओळ: ‘यांनी इंजिन बंद पडू दिले नाही.’ नवखे वाचक विचारतात, हा कोणी गिरणीवाला होता काय? सरपंच त्यांना माझ्याकडे पाठवतात, कारण इतिहास मलाच ठाऊक, असे आता तेही मानतात. मी त्यांना बसवून घेतो आणि बादलीपासून सुरुवात करतो.