पानाच्या डब्यातल्या गोळ्या

दुखण्यापेक्षा दुखण्यावरच्या गोळीची जास्त धास्ती घेतलेला माणूस अख्ख्या तंजावुरात एकच होता, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच माडीवर भाडेकरू होतो. बदलीवर नव्या गावात आलेलो. घरमालकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात म्हटल्यावर मला कोण आनंद झाला! तो पहिल्या डोकेदुखीपर्यंत टिकला. गोळी मागायला खाली गेलो, तर त्यांनी मला झोपाळ्यावर बसवून उलटतपासणी सुरू केली. "आधीं जेवलांत कां? कॉफी नव्हे, जेवण! रिकाम्या पोटीं आयबुप्रोफेन पोट खातें. ताप आहे कां? डेंग्यू असला तर? ॲस्पिरिन नकोच, रक्त पातळ होतें." पॅरासिटामॉलवर येतायेता माझ्या तोंडून गेलं की सकाळी सर्दीची गोळी घेतलीय. ते उभेच राहिले. "त्यांतही तेंच असतें! नांवं दोन, औषध एक. लिव्हर काय दोन आहेत कां?" एव्हाना माझं डोकं घाबरूनच दुखायचं थांबलं होतं.

हा सारा दवाखाना त्यांच्या आजोबांच्या पितळी पानाच्या डब्यात होता. पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं धोक्याची म्हणून ते गोळ्या सोडवून कप्प्यांत ठेवत आणि झाकणांवर देवनागरीत चिठ्ठ्या डकवत. लहानपणी आजोबांनी शिकवलेली ही अक्षरं गिरवायला त्यांना दुसरी जागाच उरली नव्हती. बायको मराठी बोलायची, पण वाचायची फक्त तमिळ. गोळी आपणच देणार, मग तिला वाचायची गरज काय, असा त्यांचा हिशेब.

एका दुपारी ते लग्नाला ओरत्तनाडूला गेले आणि मालकीणबाई डबा घेऊन माडीवर आल्या. "गुडघा फार दुखला, तंबी. ह्या कप्प्यांतली एक घेतली. कुठली तें वाचून सांग." मी झाकणावरची चिठ्ठी वाचली. आयबुप्रोफेन. त्यांच्या पोटात पूर्वी अल्सर फुटून रक्त गेलेलं मला ठाऊक होतं. मी घरमालकांना फोन केला आणि बाईंना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. एका गोळीनं बहुधा काही होणार नाही, पण शौचाला काळं झालं किंवा पोट दुखलं तर लगेच आणा, असं डॉक्टर म्हणाले. लग्न अर्धवट सोडून धावत आलेल्या मालकांनी त्यातलं "बहुधा" तेवढं ऐकलं. संध्याकाळभर दर पाच मिनिटांनी विचारत होते, "पोट दुखतें कां?" शेवटी बाई वैतागल्या. "पोट नाहीं, तुमच्या विचारण्यानं डोकं दुखतें!" सवयीनं मालकांचा हात डब्याकडे गेला आणि तसाच मागे आला. त्यांचे डोळे भरून आले होते.

काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओल्या फडक्यानं चिठ्ठ्या सोडवत बसले होते. नव्या चिठ्ठ्या तमिळमध्ये, मोठ्या अक्षरांत. एका झाकणावर एकच शब्द होता. मला तो वाचता येईना.

मालकीणबाईंनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि लाजल्या. "माझंच नांव लिहिलंत?"

"पॅरासिटामॉल आहे. तुला चालतें तें एवढंच," ते म्हणाले. "दुसरं झाकण उघडायचंच नाहीं."

जुन्या चिठ्ठ्या त्यांनी फेकल्या नाहीत. त्या घरातली तेवढीच मराठी अक्षरं. एकेक करून त्यांनी ती खिडकीत उन्हात वाळत घातली आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर हात ठेवून बसून राहिले.