उजव्या बाजूपुरतं कातडं

“ओढून बघा,” हे तिचं पालुपद होतं. सीटकव्हर न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने शिवणीबद्दल शंका काढली की ती कव्हर त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “तोंडानं कशाला विचारता? ओढून बघा.” गिऱ्हाईक ओढायचं, ओशाळायचं, आणि मुकाट्याने कव्हर घेऊन जायचं. मुंग्यांच्या रांगेसारखा दाट टाका तिचा. त्याचा तिला ताठा होता, आणि तो तिला शोभायचा.

तिची लेक डोंगरातल्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने मोटरसायकलवरून शहरातल्या लॅबमध्ये पोचवायची. एका उतारावर वाळूवरून गाडी घसरली आणि पोर उजव्या अंगावर फरफटत गेली. हाड एकही मोडलं नाही. पण दुकानदाराने खात्रीचं म्हणून दिलेलं जॅकेट निघालं नुसतं नायलॉन. रस्त्यावर घासून ते तापलं, वितळलं आणि दंडाला चिकटलं. नर्स चिमट्याने एकेक तुकडा सोडवत होती तेव्हा आई लेकीचं डोकं पोटाशी धरून उभी होती. दुकानातल्या मालावरचा तिचा विश्वास तिथेच उडाला.

दंड भरून आला. आता लेक उद्या कामावर हजर झाली नाही, तर तिचा तो मार्ग दुसऱ्याला जाणार होता.

“मी जाणार,” लेक म्हणाली.

“मग माझ्या हातचं घालून जाशील.”

मिळेल ते कापड तिने गोळा केलं. प्रत्येकाची पिशवी शिवायची, वाळूने भरायची, आणि शेजारच्या गॅरेजवाल्याच्या मोटरसायकलमागे दोरीने बांधून डांबरावरून ओढायची.

“काकू, लोक म्हणतील गॅरेजवाल्याला वेड लागलं.”

“आधी कुठं शहाणा म्हणत होते? जोरात ने.”

सीटचं रेक्झिन वितळलं. साधी जीन्स वळणापर्यंतसुद्धा टिकली नाही. तंबूच्या कॅनव्हासने जरा दम धरला, मग त्यानेही वाळू सांडली. दर वेळी ती रस्त्यात उकिडवी बसायची, भोकात बोट घालून बघायची आणि मग नकळत स्वतःचा दंड चाचपायची.

तिचा नवरा वेल्डर. त्याला ते बघवेना. त्याने गळ्यातला कातडी एप्रन काढून तिच्यापुढे टाकला.

“आणि तुम्ही?”

“ठिणग्या काय, जुन्या ओळखीच्या आहेत.”

खांदा, कोपर आणि कंबर एवढ्याच ठिकाणी कातडं, बाकी जाड जीन्स, असं तिने ठरवलं. सगळं कातड्याचं केलं तर उन्हात लेक ते काढून ठेवील, हे ती जाणून होती. डावी बाही आधी केली, जन्मभर घातला त्याच दाट टाक्याने. वाळू भरून ओढली. कातड्यावर नुसते ओरखडे होते. शिवणीवर मात्र बाही अख्खी उघडली होती, दिनदर्शिकेचं पान फाडावं तशी. दोरा शाबूत होता. टाकेच इतके जवळजवळ होते की कातड्याची चाळण झाली होती.

ती ते हातात घेऊन बसून राहिली. कापडाला पडलेली सुईची भोकं बुजतात, कातड्याची बुजत नाहीत. उसवून उपयोग नव्हता. आणि एप्रनचं उरलेलं कातडं एका बाजूपुरतंच होतं.

“मागच्या वेळी उजवीकडं पडलीस ना गं?” तिने विचारलं.

“आई, पडताना मी बाजू निवडत नाही.”

आईने उरलेलं कातडं पुढे ओढलं. तिने उजवी बाजू लांब टाक्यांनी शिवली, नवशिकीने शिवावी तशी. हात सारखा दाट टाक्याकडे वळायचा आणि ती तो मागे खेचायची. डाव्या बाजूला जीन्सचे थरावर थर दिले. ते थर किती तग धरतील, हे तिने ओढून पाहिलं नाही.

सकाळी जॅकेट अंगात घालून लेकीने डाव्या खांद्याची शिवण चिमटीत धरली. “काय, ओढून बघू?” ती हसून म्हणाली.

“नको,” आई म्हणाली.

लेकीचं हसू मावळलं. तिने आईच्या गालाला हात लावला, गाडीला किक मारली आणि निघाली. आवाज विरेपर्यंत आई तशीच उभी होती. मग तिने फाटलेली बाही काखोटीला मारली.

“कुठं निघालीस?” नवऱ्याने विचारलं.

“कातडी कमावतात तिकडं. संध्याकाळी ती यायच्या आत डावी बाजू आणते.”

“लांब आहे गं. बस तरी धर.”

ती थांबली नाही. डांबरावर कालच्या वाळूच्या रेघा होत्या, त्यांवरून ती चालत गेली. नवरा दारात उभा राहून बघत होता. ठिणग्यांनी त्याच्या सदऱ्याला छातीवर बारीक बारीक भोकं पाडली होती.