कामतघरचा संरक्षणमंत्री

"माझी बिस्सी चालते भिंतीतल्या त्या भोकावर! बुजवण्याआधी मला विचारावंसं वाटलं नाही?" लाटणं हातात तसंच धरून कलावती ओरडली.

"सुरक्षेचा प्रश्न होता," तिचा नवरा वाल्मीक म्हणाला. "कोणीही उठतो, आत येतो."

कोणीही म्हणजे भिंतीपलीकडचे लूम कामगार. मधल्या सुट्टीत त्या भोकातून यायचे, कलावतीच्या बिस्सीत, म्हणजे घरगुती खानावळीत, जेवायचे आणि शेवटचा घास चावत परत जायचे.

भोक वाल्मीकनेच पाडलेलं. चाळ रिकामी व्हावी म्हणून बिल्डरने वाट अडवून भिंत घातली, तेव्हा यानेच पहार उचलली होती. बिल्डरच्या तक्रारीवरून पोलीस शोधत आले की त्याच भोकातून पलीकडे गुलाम हुसेनशेठच्या कारखान्यात शिरायचा, सुताच्या गोण्यांमागे बसून शेठच्या बायकोच्या, बिल्किसभाभीच्या हातचं जेवायचा. शेवटी बिल्डर पळाला, चाळ वाचली. उपकार कसे फेडावेत हे न सुचल्याने लोकांनी त्याला सुरक्षा समितीचा अध्यक्ष केलं.

मग शिट्टी आली, खुर्ची आली. भंगारवाला बंद झाला, मासळीवाली रंगूबाई बंद झाली. कोन गावाहून आलेल्या सख्ख्या बहिणीकडे त्याने गेटवर आधार कार्ड मागितलं. ती आणलेली वालाची पिशवी घेऊन तशीच परत गेली. चाळ त्याला संरक्षणमंत्री म्हणू लागली. त्याला तो मान वाटला.

आज दुपारी सिमेंट वाळलं आणि पंगत बसलीच नाही. भिंतीपलीकडून लूमवरचा रामनाथ ओरडला, "भाभी, गेट से घूमके आऊँ तो लूम कौन देखेगा? हम लोग दूसरी बिस्सी पकड़ लेंगे!"

भाताचं पातेलं भरलेलंच होतं.

"शिस्तीसाठी थोडं सोसावं लागतं," वाल्मीक म्हणाला आणि पाटावर बसला.

"पप्पा, पोलीस आले की तुम्ही कुठून पळायचात?" लेक धम्मदिनाने विचारलं.

"तेव्हा लढाई होती."

"आणि आता?"

"आता शांतता आहे. शांततेत जास्त सावध राहावं लागतं. वाढ गं."

कलावतीने वाढलं नाही. गॅस बंद केला, हात पुसले.

"बिल्किसभाभीशी बोलणं झालंय. उद्यापासून बिस्सी भिंतीपलीकडे, त्यांच्या ओट्यावर. शेगड्या, पातेली, सिलिंडर, सगळं तिकडे जाईल. या घरात स्वयंपाक होणार नाही. ज्याला जेवायचंय त्याने गेटने फिरून यावं."