तांदळात लिहिलेलं नाव

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात मटार सोलत बसलो होतो. मी सोलत कमी होतो, खात जास्त.

"भाजीला ठेवणार का सालांची करू?" ती म्हणाली.

"सालांची कर. तुझ्या हातची भाजी तशीही तशीच लागते."

"जिभेला हाड नाही तुमच्या," म्हणाली आणि चपला घालून कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेली. आमचं घर इकडे हिंदी मुलखात, गोरखीच्या जुन्या वाड्याच्या बाजूच्या गल्लीत. दुकानात माल टाकून एक लोडिंग टेम्पो मागे न बघता उलटा आला. भाजीवाल्यानं येऊन दार बडवलं तेव्हा माझ्या मांडीवर ताट होतं.

कंपू भागातल्या सरकारी दवाखान्यात तिला आत नेलं आणि मला नाव नोंदवून पर्ची करायला खिडकीवर पाठवलं. खिडकीतला म्हणाला, "नाम बोलो." माझं तोंड उघडेना. बायकोला नावानं हाक मारायची आमच्या घरात रीतच नव्हती. मी म्हणायचो अगं, ती म्हणायची अहो. आजूबाजूचे काकी म्हणायचे. तिच्या नावाची गरजच पडली नव्हती. मग लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं होतं, ते आठवलं. माझ्या आईनं निवडलेलं नाव. तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पर्चीवरचंच नाव पोलिसांनी उतरवलं, शवविच्छेदनाच्या कागदावर चढलं, मृत्यूच्या दाखल्यावर तेच आलं.

हे नाव आणि तिचं माहेरचं, दोन्ही इथे लिहीत नाही. त्यांनी पुरेसा घोळ घातलाय.

तेराव्यानंतर लोक म्हणाले, भरपाईचा क्लेम टाका. टाकला. पैसे नको होते असं म्हणणार नाही, म्हातारपणी खोटं कशाला. पण टेम्पोवाला जामिनावर सुटून त्याच गल्लीत रोज माल टाकत होता, आणि मला पाहिलं की हॉर्न वाजवायचा, बाजूला व्हा म्हणून. चूक त्याची होती, तिची नव्हती, एवढं कोर्टानं लिहून द्यावं असं मला वाटत होतं.

तारखेला टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील उठला. गोरा, सेंट लावलेला. त्यानं तिचं आधार कार्ड उचलून धरलं. ते तिच्या माहेरच्या शाळेच्या दाखल्यावरून निघालेलं, कारण तिच्याकडे दुसरा कागदच नव्हता. त्याच्यावर माहेरचं नाव आणि पुढे नवरा म्हणून मी.

"बाबा, ये आपकी पत्नी हैं?"

"हाँ।"

"तो मरी कौन?"

मी म्हटलं, "यही मरी।"

"काग़ज़ में तो कोई और मरी है।"

मागे कोणीतरी हसलं. जजसाहेबांनी मान वर केली, पुढची तारीख दिली. कागदावर जी बाई मेली ती माझी कोणी नव्हती, आणि जी माझी बायको होती ती मेलीच नव्हती. आधार कार्ड परत घेऊन मी तिथल्याच बाकावर बसलो. पट्टेवाला म्हणाला, "बाहर बैठो बाबा."

माझा वकील आपल्यातलाच, मराठी, तरुण, पण दोन वाक्यांनंतर हिंदीत घसरतो. बाहेर चहा पाजताना म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. शपथपत्र करू. माहेरचं नाव असली, और ये दूसरा वाला उर्फ. घर का नाम. मग दाखला दुरुस्त करून घ्या, बस."

"उर्फ?" मी म्हटलं. "उर्फ चोरांना असतं. माझ्या आईनं ठेवलेलं नाव आहे ते."

"तुम्ही तरी त्या नावानं हाक मारायचात का?"

"नाही."

"मग कशी मारायचात?"

"अगं."

"मग 'उर्फ अगं' लिहू का?"

मला हसू आलं. तिला सांगायला हवं, असंही क्षणभर वाटलं. मग चहा खाली ठेवला.

"नाही केलं तर?"

"तो काका, केस ख़त्म. टेम्पोवाल्यानं कुणालाच मारलं नाही."

नोटरीच्या टेबलावर त्यांनी मला वाचून दाखवलं. अमुक हेच खरं नाव, तमुक हे फक्त घरगुती. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण 'फक्त' हा शब्द मला कळतो. सही केली. अंगठा नाही, सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून महापालिकेच्या जन्म-मृत्यूच्या खिडकीवर गेलो. बाबूनं रजिस्टर काढलं, चष्मा वर केला.

"सही नाम बताओ।"

तिच्या बापानं ठेवलेलं नाव मी सांगितलं. ते माझ्या तोंडात बसत नव्हतं, परक्या बाईचं असल्यासारखं. त्यानं लाल पेन घेतलं.

मी म्हटलं, "ज़रा धीरे से।"

"क्या?"

"कुछ नहीं।"

तोवर आईनं ठेवलेल्या नावावर आडवी रेघ मारून झाली होती. बोट ठेवलं तिथे मी सही केली आणि मागच्या माणसाला जागा दिली.